पाषाणाचा पाझर

गेल्या माघांत आमच्या घरीं लिंबाचें लोणचें घालण्याचा बेत झाला. लिंबें चिरतां चिरतां थोडा रस स्वयंपाकघरांतल्या शहाबादी फरशीवर सांडला, आणि तो वेळींच पुसावयाचा राहून गेला. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों जेथें रस पडला होता तेथें फरशीची झिलई उडून पांढुरका डाग उमटलेला. घरांतल्या मंडळींनीं तो राखेनें घासला, सोड्यानें घासला. पण तो डाग म्हणजे वर बसलेला मळ नव्हता, फरशीचाच तेवढा भाग रसानें खाल्ला होता. तो निघणार कसा? शेजारींच पाटा-वरवंटा होता. त्या पाट्यावर आज तीन पिढ्या चिंच, लिंबू आणि कैरी यांच्या चटण्या वाटल्या गेल्या आहेत. परंतु त्या काळ्या दगडाला आंबटाचा म्हणून एवढासाहि डाग नाहीं. त्याला खडबडीत करावयाचें तर टांकी लावणारीलाच बोलवावें लागतें.

शहाबादी फरशी ही चुनखडी, आणि पाटा म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण. एकाला आंबट पुरतें, दुसऱ्याला घावच घालावा लागतो. एवढ्यावर आम्ही ही गोष्ट विसरूनहि गेलों असतों. परंतु त्याच दिवशीं सायंकाळीं गांवाहून आमच्या चुलतभावाचा फोन आला. "दादा, बोराचं पानी पार तळाला गेलंय. पुन्यांदा फोडून घ्यावं म्हनतोय. तुमी हो म्हनला तर गाडी सांगतो."

शेत सामाईक, म्हणून संमति आमचीहि हवी आणि निम्मा खर्चहि आमचा. आम्ही 'दोन दिवसांनीं सांगतों' म्हणालों. ते दोन दिवस आम्हांस फार लांब गेले. ते कां, तें सांगण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

आमचें मूळ गांव माण आणि आटपाडी या दोन तालुक्यांच्या शिवेवर आहे. एका अंगाला सातारा जिल्हा, दुसऱ्या अंगाला सांगली. जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ सालीं दोन भाग झाले, आणि दक्षिण सातारा म्हणून जो निराळा निघाला त्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. कागदावर जिल्हे दोन झाले. खालचा खडक मात्र एकच राहिला, आणि वरचें आभाळहि एकच, दोहींकडे सारखेंच कंजूष. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून शंभर मैलांच्या आंत असलेल्या आमच्या माणदेशांत तो पांचशेंवर गेला कीं लोक त्यास चांगलें वर्ष म्हणतात.

हा खडक सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या शिलारसाचे थरांवर थर सांचून झालेला. वाळूच्या अंगीं पाणी धरण्याची जी सच्छिद्रता असते ती या अखंड काळ्या पाषाणांत नाहीं. पाणी राहतें तें वरच्या मुरुमांत, दोन थरांच्या सांध्यांत आणि भेगांत. म्हणून आमच्याकडे विहिरीला पाणी लागणें ही जवळजवळ दैवाधीन गोष्ट आहे. भेग सांपडली तर साठ फुटांवर उमाळा, आणि चार हात चुकलें तर तीनशें फूट विंधूनहि नुसती धूळ. तळहातावर नारळ उभा करून रानभर फिरणाऱ्या पाणाड्यांवर लोकांचा विश्वास कां बसतो, हें ज्यानें अशी धूळ उडतांना पाहिली आहे त्यास विचारावें.

आमच्या आजोबांनीं सुरुंग लावून चाळीस हात विहीर पाडली होती. १९७२ च्या दुष्काळांत ती तळासकट कोरडी पडली. आम्ही मुलें आंत उतरून तिच्या तळाशीं खेळत होतों, आणि वर कांठावर आजी पदर तोंडाला लावून उभी होती. तिच्या त्या उभें राहण्याचा अर्थ आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळला. त्याच सालीं महाराष्ट्रांत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. पुढें गांवोगांव विंधनयंत्रें फिरूं लागलीं, आणि आमच्या शेताच्या खालच्या बाजूस मेंढपाळांची जी पंधरा-वीस उंबऱ्यांची वस्ती आहे तिला एक हापसा मिळाला.

२००३ सालच्या उन्हाळ्यांत त्या हापशाचा दांडा शंभर वेळां मारावा तेव्हां कळशी भरूं लागली. मग एके दिवशीं तेथें 'जलभंजना'ची गाडी आली. सरकारी भाषेंत या कृतीस हें नांव आहे. शब्द ऐकून वाटतें कीं पाणी फोडतात. पण फोडतात तो खडक, आणि फोडणारें असतें पाणी. सुटीनिमित्त आम्ही गांवींच होतों, म्हणून सारा प्रकार डोळ्यांनीं पाहिला. प्रथम हापसा उपटून काढला. मग लोखंडी नळीला लावलेलें एक रबरी बूच विंधन विहिरींत सोडलें, आणि मुरूम संपून जेथें अखंड पाषाण लागतो तेथें तें फुगवून घट्ट बसविलें. बुचाखालची पोकळी म्हणजे आतां तोंड बांधलेली बाटली झाली. टँकरमधलें स्वच्छ पाणी पंपानें नळींतून त्या बाटलींत दाबूं लागले. दाबमापकाचा कांटा चढत चालला. तीस, पन्नास, सत्तर करीत तो दर चौरस सेंटिमीटराला शंभर किलोच्या जवळ गेला, तशी नळी थरथरूं लागली. बायकांनीं पोरें मागें ओढलीं. एका म्हाताऱ्यानें विचारलें, "सायेब, कोयनेवानी हादरा तर बसायचा न्हाई न्हवं?"

प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला त्यांत सुमारें दोनशें माणसें गेलीं. आणि धरणांत सांठलेल्या पाण्याचा भार व त्या पाण्याचा खडकांतला शिरकाव यांनींच तो भूकंप ओढवला, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. खडकांत पाणी दाबलें म्हणजे काय होऊं शकतें हें सातारकरांस नव्यानें शिकवावयास नको. परंतु येथें प्रमाणाचा भेद फार मोठा. कोयनेचा जलाशय शंभर अब्ज घनफुटांच्या घरांतला, आणि येथें होतें टँकरभर पाणी. यंत्रावरच्या माणसानें म्हाताऱ्याला काय उत्तर दिलें तें त्या गडगडाटांत ऐकूं आलें नाहीं. पण इतक्यांत कांटा एकाएकीं खालीं पडला. जमीन हादरली नाहीं, कीं कसला धमाका झाला नाहीं. कांटा पडला याचा अर्थ एवढाच, कीं खालीं कोठें तरी वाट मोकळी झाली; गाळानें बुजलेली जुनी भेग उघडली, किंवा नवी पडून ती शेजारच्या भेगेस जाऊन मिळाली. दुसऱ्या दिवशीं हापसा पुन्हा बसविला, तेव्हां पंधरा-वीस दांड्यांत कळशी भरली. वस्तीवरच्या एका आजीनें हापशाला हळदकुंकू वाहिलें. पाषाणाला पाझर फुटणें ही म्हण आपण निष्ठुर माणसांविषयीं वापरतों. त्या दिवशीं आम्हीं ती शब्दशः खरी झालेली पाहिली.

पुढें कुतूहलानें शोध घेतां असें कळलें कीं ही युक्ति मूळची पाण्यासाठीं निघालेली नव्हे. ती निघाली वायूसाठीं, आणि तीहि चुनखडींत. अमेरिकेंत कॅन्सस संस्थानांत ह्यूगोटन म्हणून वायूचें एक विस्तीर्ण क्षेत्र आहे. तेथल्या एका विहिरींत सुमारें २,४०० फुटांवरील चुनखडीच्या थरांत १९४७ सालीं एक हजार गॅलन दाट केलेलें पेट्रोल वाळूसह दाबानें घालून पाहिलें. वाळू कशासाठीं? तर दाब काढून घेतला कीं भेग पुन्हा मिटूं पाहते. तिच्या जबड्यांत वाळूचे कण अडकवून ती उघडी ठेवावयाची. त्या पहिल्या प्रयोगानें वायु म्हणण्यासारखा वाढला नाहीं. तरी प्रयोग करणारांनीं धीर सोडला नाहीं, आणि १९४९ च्या मार्चांत ओक्लाहोमा व टेक्सास येथें ही कृति धंदा म्हणून सुरू झाली.

चुनखडीला तत्पूर्वींच दुसरा उपाय सांपडला होता, आणि तो म्हणजे आमच्या लोणच्याच्या लिंबाचाच थोरला भाऊ. १९३२ सालीं मिशिगनमध्यें एका तेलाच्या विहिरींत हायड्रोक्लोरिक अम्ल सोडलें. त्यानें चुनखडीच्या बारीक वाटा खाऊन रुंद केल्या आणि तेल वाढलें. पुढें दोन्ही उपायांची जोड झाली. आधीं दाबानें भेग पाडावयाची आणि मग अम्लानें तिच्या भिंती खाववावयाच्या. अम्ल कोठें कमी खातें, कोठें अधिक. त्यामुळें दाब गेल्यावर दोन्ही भिंती एकमेकींस नीट बसत नाहींत आणि मधून वाट राहते. आपल्या मुंबईजवळच्या समुद्राखालीं १९७४ सालीं सांपडलेलें मुंबई हाय आणि १९७६ सालीं सांपडलेलें वसईचें वायुक्षेत्र हींहि चुनखडीचींच. समुद्रांतून आलेल्या वायूपासून उरणच्या कारखान्यांत स्वयंपाकाचा गॅस काढतात. म्हणजे आपल्या चुलीखालच्या ज्योतींतहि केव्हां केव्हां कोट्यवधि वर्षांच्या शंखशिंपल्यांच्या दगडांतून सुटलेला श्वास जळत असतो. आमच्या काळ्या पाषाणाला मात्र अम्लाचा उपयोग नाहीं. त्याला दाब, आणि केवळ दाबच.

परंतु वायु आणि पाणी यांत एक मोठा भेद आहे. चुनखडींतला वायु एकदां काढला कीं संपला; तो भरून येण्यास माणसाच्या सगळ्या इतिहासाइतका काळहि पुरा पडणार नाहीं. तेथें हिशेब सरळ आहे. जें आहे तें काढावयाचें आणि मग विहीर बंद करावयाची. पाणी दर पावसाळ्यांत थोडें भरून येतें, म्हणून तें आपलें आहे, आपण उपसूं तितकें आपलें आहे, असा भ्रम होतो. आणि दुसरें असें, कीं वायूच्या विहिरीशेजारीं कळशी घेऊन कोणी रांगेंत उभें नसतें.

हा दुसरा भेद आम्हांस २०१३ सालीं कळला. त्या वर्षींचा दुष्काळ माण, खटाव, आटपाडी व जत येथल्या लोकांना अजून आठवतो. माणसें गुरांसह चारा-छावण्यांत राहिलीं होतीं. आमच्या चुलतभावानें कर्ज काढून डाळिंबाची बाग लावली होती, आणि ऐन फळांत बोर आटलें. त्यानें एक खासगी गाडी आणून तें फोडून घेतलें. खर्चाचा निम्मा वांटा आम्हींच साताऱ्याहून पाठविला, आणि हापशाला आलेलें यश आठवून आनंदानें पाठविला. पाणी आलें. रोज तीन तास मोटर चालूं लागली, बाग तरली, कर्जाचा हप्ता गेला. घरांत पेढे वांटले.

दुसऱ्या वर्षीं फाल्गुनांत वस्तीवरचा हापसा बंद पडला. ज्या आजीनें त्याला हळदकुंकू वाहिलें होतें ती आमच्या बांधावर येऊन उभी राहिली. तिनें भांडण केलें नाहीं. "तुमचं पानी चालू झालं तवापासनं आमचं गेलं, बाबा. दोष न्हाई देत कुनाला. पर तेवढं बगा." एवढें बोलून ती रिकामी घागर घेऊन निघून गेली.

चुलतभाऊ म्हणाला, हा योगायोग. आम्हींहि आधीं तसेंच म्हटलें. कारण तसें म्हणणें सोयीचें होतें. आमचें बोर आम्हीं कायदा पाहूनच घेतलें होतें. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या जागेपासून पांचशें मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर घेऊं नये, असें १९९३ च्या कायद्यानें ठरविलें होतें. आणि आम्हीं टेप धरून पांचशें दहा मीटर मोजले होते. तरी मनाला स्वस्थता नव्हती. शेवटीं चैत्रांत आठ दिवस मोटर बंद ठेवून पाहण्याचें ठरलें. पांचव्या दिवशीं हापशाला पाणी आलें. मोटर सुरू केली. आठवड्यांत तें पुन्हा गेलें. हा प्रयोग आम्हीं दोनदां केला. तिसऱ्यांदां करण्याचें धैर्य झालें नाहीं, कारण उत्तर मिळालेलें होतें.

कायद्यानें मोजलें तें अंतर जमिनीवरचें. भेगेनें मोजलें तें जमिनीखालचें. यंत्राच्या दाबानें पडलेली भेग स्वतः फार लांब जात नाहीं. पण ती ज्या नैसर्गिक सांध्याला जाऊन मिळाली तो सांधा वस्तीच्या हापशाखालून आलेला होता. आम्हीं नवें पाणी निर्माण केलें नव्हतें. जें दुसरीकडे जात होतें त्याला आमच्याकडे वाट काढून दिली होती. २००३ सालीं वस्तीवर फोडला तो खडक आणि २०१३ सालीं आम्हीं फोडला तोहि खडकच. कृति एकच, यंत्र एकच, दाबहि तोच. एकदां तिनें पंधरा घरांच्या कळशा भरल्या, आणि दुसऱ्यांदां त्याच रिकाम्या केल्या.

या खडकाच्या पोटांत पाणी कोठवर जातें याचा एक विलक्षण पुरावा आमच्याच जिल्ह्यांत निघाला आहे. कोयनेचे भूकंप समजून घेण्यासाठीं पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची एक प्रयोगशाळा कऱ्हाडास काम करते. तिनें कोयनेच्या परिसरांत गोठणे येथें तीन किलोमीटर खोल भोंक पाडलें. सुमारें सव्वा किलोमीटर आपला काळा पाषाण, आणि त्याखालीं त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटचा तळखडक. तेवढ्या खोलवरहि जें पाणी आढळलें तें पावसाचें होतें! तेथेंहि खडक पाण्याच्या दाबानें फोडून पाहतात. पण कांहीं काढण्यासाठीं नव्हे. किती दाबाला तो फुटतो यावरून त्याच्या अंगांत आधींच किती ताण सांचला आहे हें मोजतात. जेथें पाऊस तीन किलोमीटर खोल उतरतो, तेथें पांचशें दहा मीटरांची आमची सभ्यता त्याला काय अडविणार? आणि त्या शास्त्रज्ञांप्रमाणें आम्हींहि फोडण्याआधीं शेजारचा ताण किती आहे हें मोजावयास हवें होतें, असें तेव्हांपासून आम्हांस वाटत आलें आहे.

त्या वर्षीं असें ठरलें कीं फाल्गुनापासून मृगापर्यंत मोटर एक दिवसाआड चालावी, आणि हापसा ज्या दिवशीं कमी पडेल त्या दिवशीं ती चालूंच नये. आटपाडीच्या पाणीपरिषदांतून नागनाथअण्णा नायकवडी यांनीं समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह वर्षानुवर्षें धरला. त्या तालुक्यांत आज टेंभू योजनेनें उचललेलें कृष्णेचें पाणी पुष्कळ शिवारांत खेळतें. आमचें शिवार चढावर, म्हणून आमच्या वांट्याला त्या चळवळीचें पाणी नाहीं, विचार तेवढा आला. चुलतभावानें हा करार पाळला. नाराजीनें पाळला, पण पाळला. आणि नाराजीनें पाळलेल्या शब्दाची किंमत आम्हांस अधिक वाटते.

म्हणूनच यंदाच्या त्याच्या फोननें आम्ही अडचणींत पडलों. 'नको' म्हणणें आम्हांस किती सोपें होतें! आमच्या घरीं साताऱ्यांत कासच्या तळ्याचें पाणी नळानें येतें. ज्याच्या माठांत कासचें पाणी आहे त्यानें माणदेशांतल्या माणसास संयमाचा उपदेश करावा, हें आम्हांलाच ओशाळवाणें वाटलें. शेवटीं फोनवर बोलण्याऐवजीं आम्ही गांवीं गेलों. दोघे भाऊ बोरापाशीं बसलों. तो म्हणाला, "दादा, झाडं मागं सरत न्हाईत. त्यास्नी पानी लागतंच." आम्हीं म्हटलें, "आणि वस्तीला?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ती म्हातारी गेली औंदा. पर सून येतीया घागर घेऊन." त्यानंतर दोघांपैकीं कोणी फारसें बोललें नाहीं.

ठरलें तें असें. खडक पुन्हा फोडावयाचा नाहीं. त्यासाठीं जो पैसा लागणार होता तो ओढ्याच्या बांधावर आणि बोराभोंवतीं पावसाचें पाणी जिरविण्याच्या खड्ड्यावर घालावयाचा. आणि बागेंतलीं वरच्या अंगाचीं दोनशें झाडें सोडून द्यावयाचीं. हीं झाडें निवडण्यासाठीं तो एकटाच बागेंत गेला; आम्हांस त्यानें येऊं दिलें नाहीं.

भाद्रपदांत आम्ही पुन्हा गेलों होतों. दोन बरे पाऊस झाले होते आणि बांधामागें गढूळ पाणी उभें होतें. तें खालीं कोणत्या भेगेनें जाईल आणि कोणाच्या कळशींत निघेल, हें आतां आम्ही विचारीत नाहीं. परसांत डाळिंबाचीं वाळलेलीं खोडें रचून ठेविलीं होतीं. घरांत गॅस असूनहि वहिनी त्यांवरच भाकऱ्या भाजीत होत्या. "वाया कशाला घालवायची?" त्या म्हणाल्या. आम्हांस पानावर बसवून भाऊ म्हणाला, "दादा, म्होरल्या साली पाऊस न्हाईच झाला तर?"

आम्हांजवळ त्याचें उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. हापशाचा खडखडाट मात्र जेवण होईपर्यंत ऐकूं येत होता. पंधरा-वीस दांडे वाजत, मग थोडा वेळ शांत, आणि पुन्हा पंधरा-वीस. कळशा भरत होत्या.